बाळाला रात्र शिकवताना

सूनबाई, बाळ दीड महिन्याचं झालं. म्हणजे डोंबिवलीला तुझ्या माहेरी येणारं प्रत्येक माणूस आता झोपेचा एकेक उपाय सांगून जात असणार. कुणी जायफळ उगाळायला सांगेल, कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळायला, कुणी मोबाइलवर पावसाचा आवाज लावायला. मी नाणे मावळात उपकेंद्रावर नर्स होते तेव्हा घरोघरी सांगत फिरले, आणि सांगितलं त्याहून जास्त ऐकलं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका करत त्यातलं बरंचसं बरोबर होतं. कारण मात्र त्या भलतंच सांगत. काही गोष्टी साफ घातक होत्या. तू श्रावणात बाळाला घेऊन इकडं येशील, तोवर हे वाचून ठेव. आईलाही वाचून दाखव, नाहीतर त्यांना वाटेल आजेसासू परस्पर सुनेला शिकवते.

सगळ्यात आधी हे धरून चाल, की रात्र म्हणजे काय हे बाळाला ठाऊकच नाही. पोटात नऊ महिने अंधार. दिवसा तू चालायचीस तेव्हा त्याला झोका मिळायचा आणि ते झोपायचं. रात्री तू आडवी झालीस की लाथा मारायचं. तीच सवय घेऊन ते बाहेर येतं. अंधार पडला की आपल्या डोक्यात झोपेचं एक रसायन पाझरायला लागतं, डॉक्टर त्याला मेलाटोनिन म्हणतात. तान्ह्या बाळाच्या अंगात त्याचा दिवस-रात्रीचा ताल बसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर रात्रीच्या अंगावरच्या दुधातून थोडं त्याच्या पोटात जातं. पुढं कामावर जाशील आणि दूध काढून ठेवशील, तेव्हा डब्यावर वेळ लिही आणि रात्री काढलेलं रात्रीच पाज. म्हणजे रात्रीचा दिवस करणारं पोर हट्टी नसतं आणि त्याला बाहेरचं काही लागलेलंही नसतं. घरातल्या माणसांनी त्याला रात्र दाखवायची, बस.

आता आपल्या मावळात हे जरा अवघड का ते सांगते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. आपल्या घरी तेवढा नसला तरी आषाढ-श्रावणात दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो. धुकं ओसरीत येऊन बसतं. थंडी म्हणून खिडक्या बंद, आणि बाळ-बाळंतीण दिवसभर त्या काळोख्या खोलीत. त्या बाळाला दिवस कळणार कसा? पावसाळ्यात इकडं राहिलेली पोरं दिवस-रात्रीचा घोळ जरा जास्तच घालतात, असं मला कायम वाटत आलं.

म्हणून इथं आलीस की सकाळी सातच्या सुमारास, ऊन असो नसो, बाळाला ओसरीवर आणायचं. दार सताड उघडं. वाऱ्याच्या तोंडी धरू नकोस, पण उजेड तोंडावर येऊ दे. ढगाळ दिवसाचा उजेडसुद्धा घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो. दिवसा झोपेल ते माजघरात, माणसांच्या राबत्यात झोपू दे. ते झोपलं म्हणून कुकरची शिट्टी थांबवायची नाही, मामंजींनी खोकला दाबायचा नाही. आणि संध्याकाळी सातनंतर उलट. मोठा दिवा बंद, टीव्ही दुसऱ्या खोलीत, आवाज खाली. रात्री पाजायला उठलीस तर झिरोचा बल्ब पुरे. बोलू नकोस, मुका घेऊ नकोस, मोबाइल तर हातातच घेऊ नकोस, कारण त्याचा उजेड थेट बाळाच्या डोळ्यांवर पडतो. शी केली असेल तर लंगोट बदल, नुसतं ओलं असेल आणि अंगाला टोचत नसेल तर पाजून झाल्यावर बघ. रात्री बाळाला वाटलं पाहिजे की या वेळेला या घरात काही मजा नाही.

आणखी एक. बाळ झोपेत हसलं की आपल्याकडं म्हणतात सटवाई हसवते. रडवतेही तीच. तान्ह्या बाळाची निम्मी झोप अशीच असते, डोळे पापणीखाली फिरतात, तोंड वेडंवाकडं होतं, हातपाय उडतात, कुरकूर होते, मधेच डोळेही किलकिले होतात. ते जागं झालेलं नसतं. पहिलटकरीण आवाज आला की झडप घालून उचलते आणि झोपलेलं बाळ खरंच जागं करते. जुन्या बायका मात्र म्हणायच्या, सटवाईचा खेळ चाललाय, मधे पडू नका. कारण काही का असेना, सल्ला बावनकशी. कुरकूर आली की आधी नुसती ऐक. दहा-वीस श्वास जाऊ दे. पोटावर हात ठेव. खरं रडणं वाढत जातं, ते तुला आठवड्याभरात ओळखू येईल.

रडू द्या, आपोआप झोपतं, असं सांगणारी परदेशी पुस्तकं हल्ली मुली वाचतात. सहा महिन्यांच्या आत हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एवढ्याशा पोटात दोन-तीन तासांचंच दूध मावतं. भुकेनं उठलेल्याला शिस्त कसली लावायची? वर्षाच्या पोराची गोष्ट वेगळी, त्याच्याकडं पुढं येते.

तिन्हीसांजेची गोष्ट मात्र नीट ऐक, कारण तुझ्यावर ती वेळ आत्ताच आली असणार. दिवेलागणीला बाळ किंचाळायला लागतं, मुठी आवळतं, पाय पोटाशी घेतं, तोंड लालबुंद होतं. दूध नको, पाळणा नको. दोन-तीन तास असं चालतं आणि मग दमून झोपतं. दोन आठवड्यांचं झालं की हे सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपसूक जातं. म्हणून जुन्या बायका तिन्हीसांजेला बाळाला घराबाहेर काढू देत नसत, पाहुण्यांना दाखवत नसत, दृष्ट काढत. दृष्ट काढण्यानं पोटातली कळ जात नाही, पण बघ, त्या निमित्तानं घर शांत व्हायचं, गर्दी पांगायची, कुणीतरी बाळाला उभं खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारायचं. तेवढं कर. पाजल्यावर ढेकर येईपर्यंत उभं धर, पोटाला कोमट हातानं गोल चोळ, कानाशी एकसुरी ‘शू’ कर. ते थांबेलच असं नाही. थांबलं नाही म्हणून तुझं दूध कमी आहे असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडं पाठव. आणि रागानं, दमून, हात शिवशिवायला लागले तर बाळाला पाळण्यात ठेवून पाच मिनिटं बाहेर जा. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच. त्यानं मेंदूत रक्त उतरतं.

आता गुटीचं. सहाण, सोळा-सतरा जिनसा, मुरडशेंग, बाळहिरडा, वेखंड, हळकुंड, खारीक, बदाम, सगळ्यांचे मोजून वेढे. तुझ्या सासूलाही मी गुटी देऊ दिली नव्हती आणि त्यावरून या घरात चार महिने अबोला होता. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे सरकारी पुस्तकात लिहिलंय म्हणून सांगत नाही. पावसाळ्यात सहाणेवर काय काय बसतं ते मी पाहिलंय. त्यातून झोपेसाठी म्हणून जायफळाचे वेढे वाढवतात, ते तर अजिबात नको. त्यानं येते ती गुंगी असते. किती उगाळलं, किती पोटात गेलं, याला माप नाही आणि तान्ह्या जिवाला थोडंही जास्त होतं. मधाचं बोटही वर्षाच्या आत चाटवू नकोस. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात त्यांचं विष तयार होतं आणि बाळ लुळं पडतं.

गुंगीची ही हौस जुनी आहे. आपल्या मावळातली माणसं मुंबईला डबे पोचवायला गेली तशी घाटावरची कितीतरी कुटुंबं गिरण्यांत गेली. तिथल्या बायका तान्ह्या पोरांना बाळागोळी द्यायच्या. तिच्यात अफू असायची. १९२२च्या सुमारास मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स नावाच्या बाईंना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला लावलं, तेव्हा जवळजवळ प्रत्येकीच्या बाळाला अफू दिली जात असल्याचं त्यांना दिसलं. मी त्या बायकांना नावं ठेवणार नाही. दहा-अकरा तास साच्यावर उभं राहायचं, चाळीतल्या खोलीत पोर बघायला कुणी नाही, रडलं की शेजारी बोंबलणार. पोरं मात्र झोपेतच वाळायची, कारण गुंगीत पोराला भूक लागत नाही. अफूची गोळी गेली, आता तिच्या जागी सर्दीचं औषध आलंय. सर्दी नसतानाही ‘दोन थेंब दिले की छान झोपतो’ असं सांगणाऱ्या शिकलेल्या मुली मला भेटतात. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन ही दोन औषधं एकत्र असलेलं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं २०२३च्या डिसेंबरात केंद्राच्या औषध नियंत्रकांनी बजावलं आहे. बाटलीवर बारीक अक्षरात काय आहे ते वाच. झोपेसाठी तर कुठलंच औषध नको.

झोपवायचं कुठं, यात माझं आणि तुझ्या सासूचं जमत नाही, तेव्हा तू डॉक्टरांना विचारून ठरव. पण माझं म्हणणं असं. बाळ उताणं झोपवायचं. कुशीवर नाही, पालथं तर नाहीच. आपल्याकडं दूध घशात जाईल म्हणून कुशीवर ठेवतात. निरोगी बाळ उताणं असलं तरी ओकारी गिळतं किंवा मान वळवतं. १९९१ साली इंग्लंडात आणि १९९४ साली अमेरिकेत बाळांना उताणं झोपवायची मोहीम निघाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या काही वर्षांत निम्म्यावर आली. इतका सोपा आणि इतका गुणकारी उपाय मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

अंथरूण सपाट आणि घट्ट हवं. चांगली दाबून शिवलेली वाकळ आणि वर सुती कापड, गादी नको. डोक्याखाली काही नको. तुझ्या मावशीनं पाठवलेली राईची उशी कपाटात ठेव. डोकं गोल करायचंय ना, मग दिवसा जागं असताना आपल्या नजरेसमोर पालथं टाक, मान उचलू दे, आणि झोपवताना आज मान एका अंगाला, उद्या दुसऱ्या. मऊ बाहुल्या, लोड, गोधडीचे ढीग बाळाच्या आसपास नकोत. डॉक्टर सांगतात खोली एक, अंथरूण वेगळं. आपल्याकडं बाळ आईच्या कुशीतून हलत नाही हे मला माहीत आहे, म्हणून सांगते, जमिनीवर तुझ्या वाकळेला लागून त्याची वाकळ घाल, हात पोचेल इतक्या अंतरावर. सोफ्यावर बाळाला घेऊन लवंडायचं नाही, दिवसासुद्धा नाही. घरात कुणी दारू पिऊन किंवा विडी ओढून आलं असेल तर ते माणूस त्या खोलीत झोपणार नाही; मग तो कुणीही असो.

झोळी बांधायला आढं आहेच. झोळी चांगली, पोर पटकन शांत होतं. पण झोळीत बाळ अर्धगोल होतं, हनुवटी छातीला टेकते आणि लहानग्याचा श्वास अडू शकतो. डोळा लागला की काढून सपाट ठेवायचं. रात्रभर झोळी नको, आणि मोठ्या पोरांच्या हाती तिची दोरी नको. दुपट्यात गुंडाळायचं असेल तर छातीशी दोन बोटं जातील इतकं सैल, पाय बेडकासारखे मोकळे. पाय सरळ करून आवळले की खुबा बिघडतो. बाळ कूस बदलायचं चिन्ह दिसलं की गुंडाळणं त्या दिवसापासून बंद.

पावसाळा. यावर मी तासभर बोलू शकते. कपडे वाळत नाहीत ही मावळातल्या प्रत्येक बाळंतिणीची रड. ओलसर लंगोट, ओलसर अंगडं, आणि बाळ रात्रभर कुरकुरतं. तू येताना नेहमीपेक्षा दुप्पट लंगोट आण. मी चुलीच्या वर वलणी बांधून घेतली आहे, पण चूल बाळाच्या खोलीत नाही. आपल्या लोकांना बाळाच्या खोलीत शेगडी ठेवायची भारी हौस. वर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा टाकून धुरी. धुरानं तान्ह्याची नाजूक छाती भरते आणि श्वास कोंडला की झोप कसली! दार-खिडकी लावून पेटलेली कोळशाची शेगडी तर जीव घेते. तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही, झोपलेलं माणूस उठत नाही. शेक द्यायचाच तर बाहेर शेगडीवर कापड गरम कर, आपल्या गालाला लावून बघ आणि मग ते वापर. डासांच्या कॉइलचंही तेच, भाताची खाचरं दाराशी असताना डास असणारच, त्याला मच्छरदाणी.

थंडी वाजेल म्हणून टोपडं, कुंची, मोजे, स्वेटर, वर दोन दुपटी असं बांधून ठेवतात. तुला जेवढं लागतं त्याहून एक कपडा जास्त, एवढंच. मानेच्या मागं बोट घालून बघ. घाम असेल तर काढ. हातपाय गार लागतात म्हणून घाबरू नकोस, तान्ह्याचे ते असतातच. झोपताना घरात टोपडं नको, डोक्यातूनच त्याची उष्णता बाहेर जाते आणि जास्त उकडलेलं बाळ धोक्यात असतं.

आवाजाची तुला फार काळजी, फोनवर तेच विचारत होतीस. घर मळवली आणि कामशेतच्या मधे, रुळाला लागून. गाड्या रात्रभर. त्याची अजिबात चिंता करू नकोस. इथली पोरं मालगाडीच्या धडधडीत घोरतात आणि ताट पडलं की दचकून उठतात. सलग, ओळखीचा आवाज बाळाला त्रास देत नाही. अवचित आवाज देतो. शनिवार-रविवारची गोष्ट निराळी. लोणावळा-कार्ल्याच्या बाजूच्या बंगल्यांतून रात्री स्पीकर लागतात आणि छातीत धडका मारतात. दहानंतर लागले तर पोलिसांना ११२ वर फोन करायचा. तुझ्या सासऱ्यांना मी सांगून ठेवलंय. ते संकोच करतील, मी करणार नाही.

आता तुझ्या नवऱ्याचं. नातू माझा आहे म्हणून झाकत नाही. तळेगावच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्ट संपवून तो रात्री बारा-साडेबाराला येतो. दिवसभर बाळ पाहिलेलं नसतं, म्हणून येऊन उचलणार, गुदगुल्या करणार, दिवा लावून फोटो काढणार. चाकण-तळेगावच्या कंपन्यांत बाप असलेल्या कितीतरी घरांत पोरांची रात्र अशी तुटते. बापाला बाळ हवं हे बरोबरच आहे, त्याला त्याचा वाटा सकाळी द्यायचा. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळची मालीश आणि अंघोळ त्याची. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळचं झोपवणं त्याचं. रात्री आला तर हात-पाय धुऊन, अंधारात बघून, गुपचूप झोपायचं. हे त्याला तू सांगू नकोस, मी सांगते.

तीन महिन्यांनंतर रोजचा क्रम लाव. काय करतेस याला फार महत्त्व नाही, त्याच क्रमानं आणि त्याच वेळेला करतेस याला आहे. कोमट पाणी, हलकं तेल, सुका कपडा, दूध, एक गाणं, अंथरूण. २००९ साली अमेरिकेत सात महिने ते तीन वर्षांच्या मुलांच्या ४०५ आयांवर अभ्यास झाला. अंघोळ, मालीश, शांतपणे कुशीत घेणं, असा ठरावीक क्रम रोज केल्यावर मुलं लवकर झोपायला लागली, रात्री कमी उठायला लागली आणि आयांचा जीवही थाऱ्यावर आला. आपल्या बायकांना हे कुणी सांगायला नको होतं. जात्यावर बसून पोर मांडीवर झोपवताना त्या जे गात, ते पुण्याच्या हेमाताई राईरकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलं, तर लाखभर ओव्या भरल्या. तुला ओव्या येत नसतील तर सिनेमातलं गाणं चालेल. फक्त रोज तेच.

पेंगुळलेलं पण जागं असताना त्याला अंथरुणावर ठेवायची सवय पाचव्या-सहाव्या महिन्यापासून हळूहळू कर. रोज जमणार नाही. अंगावर पिताना झोपलं तरी पाप नाही.

रांगतं-चालतं पोर म्हणजे निराळंच प्रकरण. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली झोपेचे तास सांगितले. तीन महिन्यांपर्यंत १४ ते १७, अकरा महिन्यांपर्यंत १२ ते १६, एक-दोन वर्षांचं ११ ते १४, तीन-चार वर्षांचं १० ते १३. दिवसाची झोप धरून. दुपारी चारनंतर झोपू दिलंस तर रात्री अकरापर्यंत ते तुला नाचवेल. आणि चहा! आपल्याकडं वर्षाच्या पोराला बशीत चहा-बिस्कीट, चहा-चपाती देतात, संध्याकाळीसुद्धा. मग म्हणतात, पोराला झोपच नाही. या घरात पोराला चहा देणाऱ्याची बशी मी काढून घेते. संध्याकाळी सातच्या आत इंद्रायणीचा मऊ भात, वरण, तूप. पोटभर, पण झोपेच्या तोंडावर नाही. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही, दात किडतात. मोबाइलवर बडबडगीतं लावून जेवू घालायची पद्धत बघते मी. त्याच संघटनेनं दोन वर्षांच्या आत पडदा नकोच आणि पुढं दिवसाला तासाभराच्या आत असं म्हटलंय. मी म्हणते, निदान दिवेलागणीनंतर नको.

झोप नाहीतर बागुलबुवा येईल, असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथं थांबव. दोन-तीन वर्षांचं पोर रात्री दचकून उठतं, अंधाराला भितं, आणि आपणच त्या अंधारात माणूस बसवून ठेवायचा? या वयाचं पोर रात्री उठून आलं तर जवळ घे, पण गोष्टी सांगू नकोस, खेळ काढू नकोस. पाणी, कूस बदल, पुन्हा जागेवर. कंटाळवाणी हो. वर्षानंतर रात्रीचं पाजणं सोडवायचं असेल तर पाण्याचा पेला घेऊन बाप उठू दे. आईचा वास आला की पोराला दूध आठवतंच.

रात्री सारखी चुळबूळ, खालून खाज, तर कृमी असू शकतात; ते रात्रीच त्रास देतात. दहा फेब्रुवारीला अंगणवाडीत जंतनाशक गोळी मिळते, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, कुटून, पाण्यातून. सहा महिन्यांनंतर लोहाचं औषधही आशाताईकडून आठवड्यातून दोनदा मिळतं. ते चुकवू नकोस, अंगात लोह कमी असलेलं पोर झोपेत पाय झाडत राहतं.

दवाखान्यात कधी न्यायचं ते पाठ कर. तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट ताप. छाती आत ओढली जाणं. ओठ निळे. दूध ओढेनासं होणं, किंवा हलवूनही जाग न येणं. यात कुठलीच रात्र उजाडायची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. आडवं केलं की किंचाळतं आणि उभं धरलं की थांबतं, तर कान दाखव. रोज घोरत असेल, श्वास मधेच अडत असेल, तर तेही दाखव. घोरणं म्हणजे गाढ झोप हा गैरसमज आहे.

आणि तू. बाळ झोपलं की झोप म्हणतात सगळे, आणि मग धुण्याचा ढीग कोण करणार ते सांगत नाहीत. इथं तो ढीग आमचा. रात्री दहा ते दोन बाळ माझ्याकडं, फक्त पाजायला तुझ्याकडं आणणार. म्हातारीला तशीही झोप नसते. पण झोपायला मिळूनही झोप येत नसेल, उगाच रडू येत असेल, बाळाकडं बघावंसं वाटत नसेल, तर लपवू नकोस. बाळंतपणानंतर हे पुष्कळ जणींना होतं, त्यावर औषध आहे, आणि त्याचा तुझ्या गुणदोषांशी काही संबंध नाही.

येताना मोटारीपेक्षा रेल्वेनं ये. घाट चढताना बाळाच्या कानांत दडे बसले तर मांडीवर घेऊन पाजता येतं, गिळलं की कान मोकळे होतात. मोटारीत बाळाला त्याच्या आसनातून काढता येत नाही आणि एक्सप्रेसवेवर थांबता येत नाही. परत जाताना उतारावर हे जास्त होतं, तेव्हा आठवण ठेव. त्याच्या अंथरुणावरचं सुती कापड न धुता आण. नव्या घरात पहिल्या रात्री तो वासच त्याच्या ओळखीचा असेल. सकाळची गाडी धर, म्हणजे तिन्हीसांजेच्या आत घर, अंघोळ, दूध सगळं त्याच्या वेळेला होईल. भावकीतली माणसं बाळ बघायला येणारच, पण रात्री आठनंतर पहिले पंधरा दिवस कुणालाही आत सोडणार नाही. दारात मी बसते. वाईट दिसलं तर मला दिसेल, तुला कुणी काही म्हणणार नाही.